डोळ्यांपुढचे काजवे

सहावीत असताना विज्ञानाच्या तासाला बाई सांगत होत्या, की प्रत्येक पदार्थ कणांचा बनलेला असतो, हे कण सतत हलत असतात, पण इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. मी हात वर केला आणि म्हटलं, "बाई, मला दिसतात." वर्ग हसला. "बस खाली," म्हणत बाई फळ्याकडे वळल्या.

मी थाप मारत नव्हते. पांढऱ्या भिंतीवर, ढगाळ आभाळावर, मिटलेल्या पापण्यांआड आणि सगळ्यात दाट म्हणजे दिवा मालवल्यानंतरच्या अंधारात मला ठिपक्यांची अखंड वळवळ दिसायची. जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण बंद झालं की पडद्यावर ज्या 'मुंग्या' यायच्या, त्या कुणी विरळ करून सगळ्या जगावर पसरल्या तर जसं दिसेल, तसं. अजूनही दिसतं. आत्ता या कागदावर मुंग्या आहेत आणि पलीकडच्या भिंतीवरही आहेत. सगळ्यांनाच असं दिसतं, फक्त कुणी त्याबद्दल बोलत नाही, अशी माझी समजूत होती. आपण आपल्या श्वासाच्या आवाजाबद्दल तरी कुठे बोलतो? त्या दिवशी वर्गात कळलं, की इतरांना भिंत ही नुसती भिंत दिसते. मग त्या वयाला शोभेल असा निष्कर्ष मी काढला: माझी नजर जास्त तीक्ष्ण आहे आणि मला अणू दिसतात.

हा समज मोडायला बरीच वर्षं लागली. मोडला तो एका चित्राने.

कॉलेजच्या पाठ्यपुस्तकात ते होतं. चौकटींच्या कागदावर तीन गुंतवळ. लहान मुलाने पेन्सिल हातात धरून रागारागाने ओढल्यासारख्या सरळ, तुटक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेरँ याने पाण्यात तरंगणारे राळेचे अतिसूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, दर ३० सेकंदांनी कण कुठे आहे तिथे ठिपका दिला आणि ठिपके रेघांनी जोडले. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धडका देतात म्हणून कण असा भरकटतो, हे गणित आइन्स्टाइनने १९०५ साली मांडलं होतं. पेरँच्या मोजणीने ते पक्कं झालं, अणू खरोखर असतात हे उरल्यासुरल्या शंकेखोरांनीही मान्य केलं आणि १९२६ साली पेरँला नोबेल मिळालं. हे सगळं परीक्षेपुरतं. मला खिळवून ठेवलं ते पेरँच्याच एका खुलाशाने. या रेघा म्हणजे कणाची वाट नव्हे. ३० सेकंदांऐवजी दर सेकंदाला ठिपका दिला असता, तर या प्रत्येक सरळ रेघेच्या जागी अख्ख्या चित्राइतकाच गुंता निघाला असता. म्हणजे चित्रातली एकही रेघ खरी नाही. खरे आहेत ते फक्त ठिपके, आणि तरीही ते चित्र खरं आहे.

त्या राळेच्या एका कणाची त्रिज्या अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग, आणि तेवढ्याशा कणात हजारो कोटी अणू. तो कण बघायलाही पेरँला सूक्ष्मदर्शक लागत होता. मग माझे अणू कुठले? शिवाय ते तळहातावर जेवढे दिसत तेवढेच समोरच्या डोंगरावरही दिसत. बाहेरच्या वस्तूला लांब-जवळ असतं, त्यांना ते नव्हतं. मी ज्याला पदार्थाची वळवळ समजत होते, ती माझीच होती.

या दिसण्याला आता इंग्रजीतून आलेलं 'व्हिज्युअल स्नो' असं नाव आहे. २०१४ साली संशोधकांनी त्याचे निकषही मांडले. डोळे निरोगी असतात, घोटाळा डोळ्यांकडून आलेला मजकूर वाचणाऱ्या मेंदूत असावा, असं आता मानतात. त्याआधी एका डॉक्टरांनी मला "मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका" असं सांगून वाटेला लावलं होतं. लक्ष देऊ नका! पावसात उभ्या असलेल्या माणसाला थेंबांकडे लक्ष देऊ नका म्हणावं तसं. 'स्नो' मात्र मला पटत नाही. बर्फ खाली पडतो, माझ्या मुंग्या कुठेच जात नाहीत.

लक्ष द्यायचंच तर नीट द्यावं, म्हणून मी त्या काढायला घेतल्या. पहिल्यांदा पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने ठिपके दिले. झाला तो घाण कागद. मग काळ्या कागदावर पांढऱ्या पेनाने दिले, तर आकाशगंगा झाली. सुंदर दिसत होती, म्हणजे चुकलीच होती. ठिपके कागदावर स्थिर असतात, मुंग्या क्षणभरही एका जागी नसतात. हे पेन्सिलीला जमणारच नाही, असं समजून मी वर्षभर तो नाद सोडला. नंतर एकदा खिडकीजवळची रिकामी खुर्ची काढताना कंटाळून ठरवलं, की आज रेघच मारायची नाही. खुर्ची, भिंत, सावली, सगळं ०.१ च्या टेक्निकल पेनाने नुसत्या ठिपक्यांत काढायचं, आणि वस्तूची कड आली म्हणून कुठेही थांबायचं नाही. चौरस सेंटिमीटरला अंदाजे २०० ठिपके. ए-फोर कागदाला सव्वा लाखाच्या घरात जातात. रोज तासभर, तीन आठवडे. पूर्ण झालेल्या चित्रात मुंग्या कुठेही दाखवलेल्या नाहीत, पण खुर्चीला कुठेही पक्की कड नाही. भिंत संपून खुर्ची कुठे सुरू होते ते बोट ठेवून दाखवता येत नाही. ते चित्र पाहून धाकट्या भावाने विचारलं, "तुला असं दिसतं होय?" इतकी वर्षं तोंडाने सांगून जे पोचलं नव्हतं ते पोचलं.

*

दुसरी गोष्ट अर्धशिशीची. पहिला झटका आला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. वाचत होते. ओळीतल्या एका शब्दाचं मधलं अक्षर दिसेना. ते काळं पडलं नव्हतं, पुसटही झालं नव्हतं. ते नव्हतंच, आणि त्याच्या नसण्याने भोकही पडलं नव्हतं. शेजारचा कागद तिथे गुपचूप सरकून बसला होता. काही मिनिटांत त्या जागेच्या कडेला एक चकाकती दातेरी रेघ उमटली. चंद्रकोरीसारखी वळलेली, करवतीसारखे दाते, आणि दाते लखलख उकळत होते. कोर मोठी होत होत नजरेच्या कडेला गेली आणि वीस-पंचवीस मिनिटांत मावळली. मी घाबरून रडले. डोकं दुखलं ते त्यानंतर.

डॉक्टरांनी तपासण्या करून दुसरं काही नाही याची खात्री केली. (पहिल्यांदाच असं झालं, तर ती खात्री करून घ्यावीच.) मग विचारलं, "नेमकं कसं दिसतं?" मला सांगता येईना. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "काढून दाखवा."

त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसेल. मला मात्र त्या दोन शब्दांनी काम लावून दिलं. कारण या गोष्टीचा फोटो निघत नाही. जगातला कुठलाही कॅमेरा माझ्यासमोर आणून ठेवा, त्यात समोरचं पान येईल, कोर येणार नाही. जे बघणाऱ्याच्या आतच घडतं त्याची नोंद करायला एकच साधन आहे: बघणाऱ्याचा हात.

हे साधन फार जुनं आहे आणि ते वापरणाऱ्यांत भौतिकशास्त्राची मोठी मंडळी आहेत. न्यूटनने बोथट टोकाची जाड सुई खोबणीचं हाड आणि डोळा यांच्यामध्ये सरकवली, डोळ्याच्या मागच्या बाजूला दाब दिला, आणि त्यामुळे जी रंगीत वर्तुळं दिसली त्यांची आकृती वहीत काढून ठेवली. डोळा, सुई, धरणारा हात, सगळं त्या आकृतीत आहे. (ती आकृती बघतानासुद्धा माझे डोळे आपोआप मिटतात. हे कुणीही करून बघू नये.) यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८१९ साली आपल्या प्रबंधात डोळे दाबल्यावर, उजेडाकडे तोंड करून मिटलेल्या पापण्यांपुढे बोटं हलवल्यावर दिसणाऱ्या जाळ्या आणि चौकटी काढल्या. आपण सगळे याला काजवे म्हणतो. मुस्काटात बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पुर्किन्येने ते काजवे धरले आणि कागदावर टाचले.

पण या सगळ्यांत मला आपला वाटतो तो जॉर्ज एअरी. १८३५ ते १८८१ इतका दीर्घ काळ इंग्लंडचा शाही खगोलज्ञ. स्वभावाने म्हणे फार काटेकोर. तरुणपणी त्याच्या लक्षात आलं, की डाव्या डोळ्याने ठिपका ठिपक्यासारखा दिसत नाही, रेघेसारखा ओढला जातो. त्याने काळ्या कार्डाला सुईने भोक पाडलं, त्यातून येणारा प्रकाशाचा बिंदू वेगवेगळ्या अंतरांवरून पाहिला, कुठल्या अंतरावर कुठल्या दिशेची रेघ होते ते मोजलं आणि त्या मापाचं दंडगोल भिंग बनवून घेतलं. १८२५ साली त्याने हे जाहीर केलं. आज चष्म्याच्या चिठ्ठीवर 'सिलिंडर' म्हणून जो आकडा असतो, त्याची सुरुवात एका खगोलज्ञाच्या डाव्या डोळ्यापासून झाली. दहा वर्षांनी त्याने दाखवून दिलं, की दुर्बीण अगदी निर्दोष असली तरी तारा बिंदू दिसू शकत नाही. प्रकाश लहर असल्यामुळे मधे छोटी तबकडी आणि भोवती फिकट होत जाणारी कडी दिसतात. त्या तबकडीला आज त्याचंच नाव आहे. आणि याच माणसाला माझ्यासारखी दातेरी कोर दिसायची. १८६५ साली त्याने तीवरही लिहिलं.

त्याच्या मुलालाही ती दिसायची. ह्यूबर्ट एअरी डॉक्टर होता. १८७० साली त्याने रॉयल सोसायटीपुढे आपल्या कोरीची चित्रं ठेवली. मधल्या बिंदूजवळ सुरू होऊन ती कशी वाढते, कुठे फुटते, कुठे तिच्यात लाल-निळं येतं, ते टप्प्याटप्प्याने त्यात काढलेलं आहे. तिच्या बुरूजांसारख्या कोनांवरून त्याने तिला तटबंदीच्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं. मी ती चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या हातात माझी स्वतःची वही होती. दोन्ही शेजारी ठेवली. मधे दीडशे वर्षं, भाषा वेगळी, हात वेगळा, आणि तट तोच. डाव्या बाजूचे दाते बारीक, बाहेरचे रुंद, एका टोकाला तुटलेला. मी एकटी नव्हते एवढंच नव्हे, मी बरोबर काढलं होतं.

*

कोर काढणं हा एक चमत्कारिक उद्योग आहे. जिथे बघावं तिथून ती पळते, कारण ती नजरेलाच चिकटलेली असते. आणि पेन्सिलीच्या टोकाकडे बघायला जावं तर टोक नाहीशा झालेल्या भागात जातं. मग मी शिकले ते असं: कागदाच्या मध्यावर एक फुली, नजर फुलीवर खिळवायची, कागद ठरावीक अंतरावर, आणि हात न बघता कडेने चालवायचा. पेन्सिल जिथे दिसेनाशी होते तिथे खूण. दर चार मिनिटांनी नवी कड आणि शेजारी वेळ. चित्र काढताना चित्राकडे बघायचं नाही. कुठल्याही चित्रकलेच्या शिक्षकाने कान पिळावा अशी पद्धत.

फार नंतर कळलं, की हेच काम कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने करून ठेवलं होतं. त्यालाही हा त्रास. तो झटका आला की कागद घेऊन बसायचा आणि आंधळ्या डागाची सीमा ठरावीक वेळाने आखायचा. त्या नकाशांवरून त्याने एक हिशेब केला. दृष्टीच्या क्षेत्रातला कुठला भाग मेंदूच्या मागच्या पट्टीवर कुठे पडतो हे ढोबळमानाने माहीत होतं. कोरीला मध्यापासून कडेपर्यंत जायला किती वेळ लागतो हे त्याच्या कागदांवर होतं. भागाकार केला, तर मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असलं पाहिजे, असं निघालं. हे १९४१ साल. काय सरकतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. १९४४ साली लिआओ या ब्राझिलियन शास्त्रज्ञाला सशांच्या मेंदूत एक मंद लाट सापडली. तिच्या मागोमाग पेशी काही काळ गप्प होतात, आणि ती साधारण त्याच संथ गतीने पसरते. दोन्ही गोष्टी एकच असाव्यात हे लोकांच्या लक्षात यायला आणखी वेळ गेला. पुढे २००१ साली झटका चालू असताना माणसाच्या मेंदूचं एमआरआय चित्रण झालं, आणि वेग निघाला मिनिटाला जवळजवळ साडेतीन मिलिमीटर.

एक माणूस, एक पेन्सिल, एक घड्याळ. कवटी न उघडता त्याने स्वतःच्या मेंदूतल्या लाटेचा वेग मोजला, आणि साठ वर्षांनी आलेल्या यंत्राला त्यात फारशी दुरुस्ती करावी लागली नाही. चित्र काढणं हा 'छंद' आहे असं कुणी म्हटलं की मला ही गोष्ट आठवते. मी सांगत बसत नाही, पण आठवते.

यातला दाते मोठे होण्याचा भाग मला समजत नव्हता. मध्याजवळ बारीक असलेले दाते कडेला जाताना रुंद का होतात? भौतिकशास्त्र शिकवणारी माझी एक मैत्रीण आहे. ती म्हणाली, "तू एवढी चित्रं काढतेस ना, मग हेही काढूनच बघ की." आणि तिने मला एक जाळी आखायला लावली. कागदाच्या मध्यातून दर १५ अंशांवर एक, अशा २४ किरणरेषा. त्यांवर वर्तुळं, पहिलं ५ मिलिमीटर त्रिज्येचं आणि पुढचं प्रत्येक आधीच्याच्या १.३ पट. हा १.३ उगाच नाही. किरणरेषा २४ असतील तर याच पटीने प्रत्येक घर जवळपास चौकोनी राहतं, मध्याजवळ इवलंसं आणि कडेला मोठं. बारा वर्तुळांत ए-फोरची रुंदी भरते. आतली दोन-तीन वर्तुळं काढताना कंपासचं टोक इतक्या वेळा तिथेच रुततं, की कागदाला भोक पडतं. माझे तीन कागद वाया गेले.

मग शेजारी साधा आलेख कागद. त्यावर काहीही काढायचं आणि घर मोजून मोजून या जाळीवर उतरवायचं. आडव्या समांतर रेघा उतरवल्या, तर एकात एक वर्तुळं झाली, बोगद्यात बघावं तशी. उभ्या उतरवल्या तर मध्यातून फाकणारे किरण झाले. तिरप्या रेघेचं काय होईल याचा मला अंदाज नव्हता. घर एक, घर दोन, घर तीन, असं जात राहिले आणि सातव्या-आठव्या घराला हात थांबला. ते शंखासारखं सर्पिल होतं.

आपल्या डोळ्यापासून मेंदूकडे जाताना चित्र साधारण असंच उलगडतं. नजरेच्या अगदी मधल्या भागाला, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेला, मेंदूत भलतीच ऐसपैस जागा मिळते, आणि कडेच्या विस्तीर्ण प्रदेशाची थोडक्यात बोळवण होते. हाइनरिक क्लूव्हर या मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात नोंदवलं होतं, की नशेत माणसांना जे आकार दिसतात ते फिरून फिरून चारच जातींचे असतात: जाळ्या, कोळिष्टकं, बोगदे आणि सर्पिलं. १९७९ साली एर्मेनट्राउट आणि कोवन या दोघांनी गणिताने दाखवलं, की मेंदूच्या सपाट पट्टीवर नुसते साधे पट्टे उठले, तरी बघणाऱ्याला ते बोगदे आणि सर्पिलं म्हणूनच दिसतील. हे गणित मला अजून वाचता येत नाही. पण ते माझ्या हाताखालून गेलेलं आहे, घर एक, घर दोन, घर तीन. आणि कोरीचे दाते? ते मोठे होतच नव्हते. मेंदूच्या कापडावर ती नक्षी सगळीकडे सारख्याच मापाची असावी. फुगत होता तो नकाशा.

*

हे सांगितलं की लोक विचारतात, मग संगणकावर का नाही करत? एका मिनिटात होईल. होईल, आणि सर्पिल दिसेल. पण सातव्या घराला हात थांबणार नाही.

त्याच ओघात एक तक्रार. 'भौतिकशास्त्रावर आधारित कला' म्हणून जे बरंच काही दिसतं त्याने मला वैताग येतो. तीन लंबवर्तुळं आणि मधे गोळा, की झाला अणू. निळ्या-जांभळ्या धुरात दोन चमकते ठिपके, की झालं क्वांटम. त्या चित्रातून भौतिकशास्त्राचं नाव काढून घेतलं तर चित्राचं काहीच बिघडत नाही, हीच त्याची परीक्षा. याउलट थॉमस यंग या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८०७ साली छापलेली लहरींची आकृती बघा. दोन बिंदू, त्यांभोवती एकात एक वर्तुळांच्या मालिका, बस्. नटवणं नाही. पण वर्तुळं जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपोआप पट्टे फाकतात आणि प्रकाशात प्रकाश मिळवून अंधार कसा होतो ते समोर उभं राहतं.

मी ती आकृती स्वतः काढली. दोन केंद्रांत १ सेंटिमीटर अंतर, आणि दर वेळी कंपास २ मिलिमीटरने वाढवत प्रत्येकाभोवती चाळीस-चाळीस वर्तुळं. कागद डोळ्याच्या पातळीला आडवा धरून त्याच्या सपाटीवरून बघितलं, की गडद पट्टे उठून दिसतात. केंद्रं लांब नेली की पट्टे अरुंद होतात, जवळ आणली की रुंद. मी हे पट्टे काढलेले नाहीत. मी फक्त वर्तुळं काढली. एका ठिकाणी कंपास अर्धा मिलिमीटर घसरला होता, तर तेवढ्या वर्तुळापुरता पट्टा वाकला. चूकही भौतिकशास्त्राच्या नियमानेच झाली होती, आणि ते चित्र माझं सर्वांत आवडतं आहे.

माझ्या कपाटात दोन फायली असायच्या. एक 'बाहेरचं', यात लहरी, कडी, पेरँसारखे गुंते. दुसरी 'आतलं', यात मुंग्या, कोरी, काजवे. कुठलं चित्र कुठे, हे ठरवायला मैत्रिणीने एक सोपी चाचणी सांगितली होती: डोकं कलतं करून बघ. तारा घे. मला ताऱ्याला सहा-सात वाकडेतिकडे हात दिसतात, एक लांब, बाकीचे आखूड. डोकं खांद्याकडे झुकवलं की हातही झुकतात. आकाशात असते तर जागेवर राहिले असते. ते माझ्या डोळ्यातल्या भिंगाचे आहेत. भिंगाचे तंतू जिथे जुळतात त्या शिवणीचे. म्हणजे माणसांनी युगानुयुगे तारा म्हणून जो टोकदार आकार काढला, तो आपल्याच भिंगाच्या शिवणीचं चित्र आहे. तारा 'आतलं' या फाइलीत गेला. तेव्हा मला फार हसू आलं होतं.

मग तिने मला हायडिंगरचा कुंचला दाखवला आणि चाचणीच मोडीत निघाली. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा ठेवायचा, त्याकडे टक लावायची आणि डोकं सावकाश एकीकडून दुसरीकडे कलतं करायचं. मध्यावर अगदी फिकट पिवळा, डमरूच्या आकाराचा डाग दिसतो, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीहून थोडा मोठा, आणि त्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना निळसर झाक. पडदा ध्रुवित प्रकाश देतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत थरथरतात. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावरचं पिवळं द्रव्य त्या दिशेप्रमाणे निळा प्रकाश कमी-जास्त गिळतं. हायडिंगर हा ऑस्ट्रियाचा खनिजतज्ज्ञ. त्याने हे १८४४ साली स्फटिकांतून बघताना टिपलं. मला पंधरा मिनिटं काहीच दिसलं नाही. मग दिसलं, आणि आता दिसायचं थांबत नाही.

"आता डोकं कलतं कर," ती म्हणाली. केलं. डमरू हलला नाही. पडद्याशी जसा उभा होता तसाच राहिला.

"म्हणजे बाहेरचं," मी म्हटलं.

"मग पडद्याचा फोटो काढ आणि त्यात दाखव मला."

फोटोत काय येणार! डमरूचा रंग माझा, त्याची दिशा प्रकाशाची. त्याला कुठल्या फाइलीत घालायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्याचं चित्र काढायला मी पिवळी पेन्सिल इतकी हलकी फिरवली, की कागदावर काही आहे हे तिरप्या उजेडातच कळतं. ते चित्र टेबलावर आहे. मुंग्यांचंही चित्र नंतर तिथेच आलं, यंगची वर्तुळंही. फायली रिकाम्या होत चालल्या आहेत.

गेल्या महिन्यात पुन्हा झटका आला. हल्ली मी घाबरत नाही. कागद जवळच असतो, फुली आधीच मारलेली असते. ७.१२ ला मध्याजवळ पहिली खूण, करंगळीच्या नखाएवढी. ७.१६ ला कोर, दाते मोजता येण्यासारखे, मी नऊ मोजले. ७.२० ला ती डावीकडे खुली झाली. ७.२४ ला कडेचा वेग वाढला. तो वाढणारच, नकाशाच तसा आहे. ७.२८ ची कड आखताना हात बराच लांब गेला आणि पेन्सिलीचा आवाज बदलला. नजर फुलीवर होती, त्यामुळे बघितलं नाही. सगळं मावळल्यावर पाहिलं, तर शेवटची रेघ कागदाबाहेर, टेबलाच्या लाकडावर गेली होती. वेळही तिथेच लिहिली होती, माझ्याच अक्षरात, वाकडी. ती मी अजून पुसलेली नाही.